बहात्तर हात, एक नाव



राजकीय टीका करणारी कला म्हटली की आपले लक्ष तिच्या आशयाकडे जाते. ती घडविणाऱ्या श्रमाकडे सहसा जात नाही. चिनी शिल्पकार आय वेईवेई यांच्या ‘सूर्यफुलाच्या बिया’ या कृतीचा विचार करताना मात्र श्रमाचा प्रश्न टाळता येत नाही. ऑक्टोबर २०१० मध्ये लंडनच्या टेट मॉडर्न संग्रहालयात ती मांडली गेली. बिया सुमारे १० कोटी, आणि प्रत्येक बी चिनी मातीची. भट्टीत भाजलेली, हाताने रंगविलेली. जिंगदेझेन शहरातील सुमारे १६०० कारागीर त्यासाठी अडीच वर्षे राबले.

जिंगदेझेनच्या भट्ट्यांनी शतकानुशतके सम्राटांच्या दरबाराला भांडी पुरविली. एक भांडे पुरे होईपर्यंत ७२ हातांखालून जाते, अशी नोंद सुंग यिंगशिंग या ग्रंथकाराने १६३७ मध्ये केली आहे. ॲडम स्मिथने टाचणीच्या कारखान्यावरून श्रमविभागणीचे तत्त्व विशद केले ते १७७६ मध्ये. दरबारी भांड्याच्या तळाशी मुद्रा असे ती सम्राटाच्या राजवटीची, घडविणाऱ्याची नव्हे.

हेच पारंपरिक कौशल्य या कृतीत सत्तेला प्रश्न विचारते. सांस्कृतिक क्रांतीच्या काळातील प्रचारचित्रांत माओ हा सूर्य, तर जनता म्हणजे त्याच्याकडे तोंड वळविलेली सूर्यफुले. दुरून १० कोटी बियांचा एकच करडा थर दिसतो. हातात घेतली की प्रत्येक बीवरील कुंचल्याचा फटकारा निराळा. जनता म्हणजे एकसारखा ढीग, हे सत्तेचे गृहीतक तो फटकारा नाकारतो.

कारागिरी राजकारणाच्या कामी येणे चीनला नवे नाही. १९६५ मध्ये सिचुआन प्रांतात कलाशिक्षक आणि लोककारागीर यांनी मिळून ‘खंडवसुलीचे अंगण’ ही ११४ मातीच्या पुतळ्यांची कृती घडविली. जमीनदाराने नाडलेल्या कुळांची वेदना तीत होती. परंतु तो जमीनदारवर्ग त्यापूर्वीच उखडला गेला होता. पराभूत शत्रूवर टीका करण्यास शासन कारागिराला आनंदाने बोलावते. विद्यमान सत्तेवरील टीका त्याला सोसवत नाही. २००८ च्या सिचुआन भूकंपात शाळा कोसळून मेलेल्या मुलांची नावे आय वेईवेई यांनी स्वयंसेवकांच्या साह्याने गोळा केली. ती पाच हजारांवर गेली. २०११ मध्ये त्यांना ८१ दिवस डांबून ठेवण्यात आले. कारण सांगितले गेले ते आर्थिक गुन्ह्यांचे.

आता दुसरी बाजू. जिंगदेझेनमधील मोठे सरकारी कारखाने १९९० च्या दशकात बंद पडले होते. अशा शहरात बियांच्या कामाने मजुरी मिळाली, हे नाकारण्याचे कारण नाही. पण फेब्रुवारी २०११ मध्ये लंडनच्या एका लिलावात अशाच १०० किलो बिया सुमारे साडेतीन लाख पौंडांना विकल्या गेल्या. हे मूल्य कोठून आले? कल्पनेतून आले तसे बोटांतूनही आले. कल्पनेला मालक आहे, स्वाक्षरी आहे. बोटांना केवळ कामाची मजुरी आहे. सम्राटाच्या मुद्रेची जागा कलावंताच्या नावाने घेतली, एवढाच फरक होणार असेल तर तो पुरेसा नाही.

या विसंगतीचा आधार घेऊन कलावंताच्या तुरुंगवासाचे समर्थन करणे हा ढोंगीपणा होय. त्याचबरोबर, कलावंत सत्तेविरुद्ध उभा राहिला म्हणून त्याच्या कृतीतील श्रमसंबंधांची चौकशी सोडून देणे ही वैचारिक शिथिलता होय. समाजवादी कार्यकर्त्याला दोन्ही प्रश्न एकाच वेळी विचारता आले पाहिजेत: ही कृती आज गादीवर असलेल्या सत्तेला जाब विचारते काय? आणि ती घडविणाऱ्या हातांना मूल्यात वाटा व नाव मिळते काय? पहिल्या प्रश्नाला या बियांनी धैर्याने होकार दिला आहे. दुसऱ्याचे उत्तर अद्याप बाकी आहे. आणि ते केवळ चीनमध्येच बाकी आहे असे नव्हे.