साईट नाशिकला उघडते, निफाडला नाही: ४८ तासांची भानगड

आजचा भाग एका फोनवरून सुचला.

निफाडला माझा एक मित्र आहे, घरची द्राक्षबाग. थेट गिऱ्हाइकाला पेट्या विकायच्या म्हणून त्यानं वेबसाईट काढलीय. यंदा ऐन हंगामाच्या तोंडावर त्यानं ती नव्या होस्टिंगवर हलवली. नवे दर, नवा ऑर्डर फॉर्म, सगळं चकाचक. आणि दोन ठिकाणी पैसे कशाला भरायचे, म्हणून जुनं होस्टिंग त्याच संध्याकाळी बंद केलं.

रात्री फोन आला. "अरे, नाशिकला भावाच्या मोबाईलवर साईट उघडतेय, पण इथं घरी वायफायवर काहीच दिसत नाही. गिऱ्हाइकं विचारतायत, धंदा बंद केला का? हॅक झालं का रे?"

हॅक वगैरे काही नव्हतं. याला सगळे 'डीएनएस प्रोपगेशन' म्हणतात. शब्द ऐकून वाटतं की नवा पत्ता हळूहळू जगभर पसरतोय. खरं तर पसरत काहीच नाही. लोकांकडचं जुनं उत्तर शिळं व्हायची आपण वाट बघत असतो.

आता लासलगावचं कांदा मार्केट घ्या. सकाळी गावातला एकजण लिलावाचा भाव विचारून येतो. मग पारावर जो विचारेल त्याला तोच भाव सांगतो. दर वेळी लासलगावला कोण जाणार? दुपारी भाव बदलला, तरी पुन्हा विचारेपर्यंत हा सकाळचाच सांगणार.

इंटरनेटवर तेच होतं. तुम्ही साईटचं नाव टाकता, फोन तुमच्या इंटरनेट कंपनीच्या सर्व्हरला त्याचा पत्ता विचारतो. तो सर्व्हर एकदा खरं उत्तर आणतो आणि साठवून ठेवतो. किती वेळ? ते डोमेनच्या नोंदीतच लिहिलेलं असतं. त्याला टीटीएल म्हणतात, टाइम टू लिव्ह. तो सेकंदात असतो. ३०० म्हणजे पाच मिनिटं, ८६,४०० म्हणजे अख्खा दिवस. प्रत्येक सर्व्हरनं वेगवेगळ्या वेळी विचारलेलं असतं, म्हणून भावाला नवी साईट आणि घरच्यांना बंद पडलेला जुना पत्ता.

ही साठवणूक मुद्दाम केलेली आहे बरं का. पूर्वी सगळ्या नेटवर्कचे पत्ते एकाच फाईलमध्ये असायचे. कॉम्प्युटर वाढले, तशी ती फाईल सांभाळणं अवघड झालं. मग १९८३ मध्ये पॉल मोकापेट्रिस यांनी डीएनएसची रचना मांडली. उत्तरं जागोजागी साठवली जातात, म्हणूनच प्रत्येक क्लिकला मूळ सर्व्हर गाठावा लागत नाही.

मग ४८ तास कुठून आले? तुम्ही नेमसर्व्हरच बदलला, तर ती नोंद वरच्या रजिस्ट्रीकडे असते. डॉट कॉमसाठी तिचा टीटीएल १,७२,८०० सेकंद आहे, म्हणजे बरोबर ४८ तास. तो आपल्या हातात नाही. पण फक्त सर्व्हरचा पत्ता बदलायचा असेल, तर टीटीएल आपल्याच हातात असतो.

तेव्हा साईट हलवायच्या आधी एवढं करा.

एक, दोन दिवस आधीच टीटीएल ३०० करा. बदलाच्या दिवशी करून उपयोग नाही, कारण जुना टीटीएल लोकांकडे आधीच पोचलेला असतो.

दोन, जुनं होस्टिंग निदान आठवडाभर चालू ठेवा आणि ऑर्डर तिथंही तपासा. नेमसर्व्हर बदलत असाल तर ईमेलच्या नोंदीही नवीकडे उतरवून घ्या, नाहीतर मेल हरवतील.

तीन, डोमेन कोरं असेल तर नोंदी टाकायच्या आधी "उघडतंय का" म्हणून सारखं बघू नका. "असा पत्ता नाही" हे उत्तरसुद्धा काही वेळ साठवलं जातं!

चार, तपासताना वायफाय आणि मोबाईल डेटा, दोन्हीवर बघा. सगळं स्थिरावलं की टीटीएल पुन्हा तासभराचा करा.

मित्राला त्या रात्री एवढंच सांगितलं: जुनं होस्टिंग आत्ताच्या आत्ता पुन्हा चालू कर आणि तिथं नव्या दरांचं पान टाक. नशिबानं ते चालू झालं. पण मधल्या काही तासांत साईट न उघडल्यामुळे किती जण परत गेले, ते कधीच कळणार नाही.

तुमच्या ओळखीत कुणी नवी साईट काढत असेल, तर त्याला हा भाग आजच पाठवा. साईट हलवून झाल्यावर नको, आधी! भेटू पुढच्या भागात.