वृद्धनिवासातील दुसरा शनिवार
(सुवर्णमहोत्सवी सभेत मंडळाच्या भगिनी विभागातर्फे केलेले भाषण)



सुवर्णमहोत्सवाच्या प्रसंगी मंडळाच्या कार्याचा गौरवाने उल्लेख व्हावा, हा शिष्टाचारच आहे. आम्हांस मात्र आज थोडे समाधानाचे आणि थोडे कबुलीचे, असे दोन्ही सांगावयाचे आहे. आपल्या हैदराबाद शहरातील एका वृद्धनिवासात आम्ही काही भगिनी २०१७ पासून, महासाथीतील खंड वगळता, दर महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी जात आहोत. तेथे आम्ही काय करू गेलो, कोठे चुकलो आणि काय शिकलो, याचा हा वृत्तान्त आहे.

‘वृद्धाश्रम’ हा शब्द उच्चारताच आपल्या मनात एक टोचणी उठते. आपण स्वतः आईवडिलांना गावी ठेवून पोटापाण्यासाठी इतक्या दूर आलो, म्हणून ती टोचणी आपल्याला अधिक. २०११ च्या जनगणनेत देशातील साठ वर्षांवरील व्यक्तींची संख्या दहा कोटींहून अधिक होती. आईवडिलांच्या निर्वाहाचा कायदा संसदेने २००७ साली केला. प्रत्येक जिल्ह्यात निदान दीडशे निराधार वृद्धांची सोय होईल असे निवास उभारण्याची तरतूदही त्यात आहे. कायद्याने अन्न, छप्पर आणि औषध मिळू शकते. परंतु दुपारी दोनपासून दिवेलागणीपर्यंतचा वेळ कसा घालवावा, हे कोणत्या कलमात लिहिणार?

प्रारंभी आम्ही गेलो ते सर्वच मंडळे जातात तसे गेलो. केळी, बिस्किटे, पेटी-तबला, दोन भाषणे आणि शेवटी एक छायाचित्र. आजी-आजोबांना रांगेने खुर्च्यांवर बसविले आणि आम्ही गायलो. तिसऱ्या खेपेस पुढच्या रांगेतील एका काकूंनी अगदी सौम्य स्वरात विचारले, “बाई, हे किती वाजेपर्यंत चालायचं?” त्या प्रश्नाने आमचे डोळे उघडले. आम्ही त्यांचे मनोरंजन करीत नव्हतो. त्यांना आमचे श्रोते होण्याचे काम लावीत होतो.

याच सुमारास आमच्यापैकी एकीच्या वाचनात एक प्रयोग आला. १९७६ साली एलेन लँगर आणि ज्युडिथ रोडिन या दोन संशोधिकांनी अमेरिकेतील एका शुश्रूषागृहात तो केल्याचे प्रसिद्ध झाले. एका मजल्यावरील वृद्धांना सांगितले, की आपल्या खोलीच्या व्यवस्थेचे निर्णय तुम्ही घ्या. आणि प्रत्येकाला निवडून घेण्यास एकेक रोपटे देऊन त्याची निगा त्यांच्यावर सोपविली. दुसऱ्या मजल्यावरही रोपे दिली, परंतु त्यांना पाणी परिचारिका घालीत. तीन आठवड्यांनी पहिल्या मजल्यावरील मंडळी अधिक तरतरीत आणि प्रसन्न दिसली, कार्यक्रमांतही अधिक भाग घेऊ लागली. रोप दोघांनाही मिळाले होते. फरक होता तो पाणी कोणी घालावयाचे, एवढाच.

तेव्हा आम्ही विचारून घेण्यास आरंभ केला. “तुम्हांला काय करायला आवडेल?” या प्रश्नाला पहिले दोन शनिवार उत्तरच मिळाले नाही, तो प्रश्न ऐकण्याची सवयच मोडली होती. पुढे एका आजींनी कापूस मागितला. त्यांनी फुलवाती वळून दाखविल्या आणि मग आम्हांलाच विचारले, “ह्या वाती खरंच जळणार आहेत, की नुसता आमचा हात हलावा म्हणून?” त्या वर्षीपासून आपल्या मंडळाच्या गणेशोत्सवातील सर्व वाती त्या निवासातून येतात. दूर्वा निवडून एकवीस-एकवीसच्या जुड्या बांधण्याचे कामही तेथेच होते. रेल्वेतून निवृत्त झालेले एक आजोबा वातींचा हिशेब वहीत मांडतात. एके वर्षी चार वाती कमी भरल्या, तर त्यांनी आमच्या कार्यवाहांकडे लेखी खुलासा मागितला! तो खुलासा त्यांना देण्यात आला, हे येथे नमूद करण्यास आनंद वाटतो.

आता कबुलीचा भाग. एका संक्रांतीला आम्ही मोठ्या हौसेने हळदीकुंकू योजिले. वाण लुटण्यासाठी वाट्या आणल्या, तिळगूळ केला. दिवाणखान्यात येऊन पाहतो, तो अवघ्या पाच जणी बसलेल्या. बाकीच्या आपापल्या खोल्यांत, दारे लोटून. त्या सर्व विधवा होत्या. ही साधी गोष्ट निमंत्रण देताना आमच्यापैकी एकीच्याही ध्यानात आली नाही. ज्या घरांतून त्यांना ‘मागे राहा’ असे वर्षानुवर्षे सुचविले गेले, त्याच घरांचा एक तुकडा आम्ही तेथे नेऊन ठेवला होता. आम्ही खोलीखोलीतून फिरलो, क्षमा मागितली आणि तिळगूळ दिला. काहींनी घेतला, एकीने घेतला नाही. पुढील वर्षापासून कुंकू, फुले आणि वाण जिला हवे तिला, हा नियम झाला. २०२२ च्या मे महिन्यात कोल्हापूर जिल्ह्यातील हेरवाड ग्रामपंचायतीने विधवांसंबंधीच्या अनिष्ट प्रथा बंद करण्याचा ठराव केला, तेव्हा ती बातमी आम्ही तेथे मोठ्याने वाचून दाखविली. ज्यांनी तिळगूळ नाकारला होता त्या आजी म्हणाल्या, “पुन्हा वाच.”

आमच्या कार्यक्रमांतील मुकुटमणी मात्र नवरात्रातला भोंडला. निवासात तेलुगू भगिनी बहुसंख्य. पाटावर हत्ती मांडून आम्ही फेर धरला, तेव्हा त्या कौतुकाने जवळ आल्या. कारण त्यांची बतुकम्माही याच दिवसांत, आणि तिच्याभोवतीही फेर धरून गाणीच. पुढील वर्षी दोन्ही एकत्र मांडले. एका बाजूस हत्ती, दुसऱ्या बाजूस पितळी ताटात फुलांचे थर. बतुकम्मासाठी आणलेल्या रानफुलांच्या ढिगातून एका मराठवाड्यातील आजींनी पिवळा झुबका उचलला आणि म्हणाल्या, “अगं, हा तर आमच्या बांधावरचा तरवड! आणि हे कुरडू!” तेलुगू अम्मांनी त्यांना ‘तंगेडू’ आणि ‘गुनुगु’ ही नावे शिकविली. एकाच भिंतीपलीकडे त्या दोघी चार वर्षे राहत होत्या. त्यांची खरी ओळख त्या फुलांनी करून दिली. ज्यांना उभे राहवत नाही त्या चाकाच्या खुर्चीतून टाळ्यांनी ताल धरतात.

भोंडल्याच्या शेवटी खिरापत ओळखावयाची. तेथे एक आजी होत्या. त्यांची स्मृती पार गेलेली, मुलाचे नावही आठवेना. डबा त्यांच्यापुढे धरताच त्यांनी वास घेतला आणि स्पष्ट म्हणाल्या, “वाटली डाळ.” आम्ही टाळ्या वाजविल्या, पण घरी परतताना एक गोष्ट मनास लागून राहिली. या आजी चाळीस वर्षे या शहरात उत्तम तेलुगू आणि हिंदी बोलल्या. विस्मरणाच्या व्याधीत मागाहून शिकलेल्या भाषा पुष्कळदा आधी निसटतात आणि आईची भाषा शेवटपर्यंत उरते. त्या मराठीत जे मागत, ते तेथील आयांना कळत नसे, आणि मग ‘अम्मा फार हट्टी’ असे ठरे. आम्ही लक्ष देऊन ऐकले, तेव्हा कळले, की त्या केवळ “थंडी वाजते” असे म्हणत होत्या.

त्या आठवड्यात आम्ही पाणी, भूक, थंडी, दुखते, लघवीला जायचे, नको, असे वीस मराठी शब्द तेलुगू लिपीत अर्थासह लिहून त्यांच्या खाटेशी लावले. आयांनी ते मनापासून पाठ केले. आमच्या सर्व कार्यक्रमांत याहून उपयोगी असे दुसरे काही झाले असेल, असे आम्हांस वाटत नाही. गाणी-खेळ कोणीही नेऊ शकेल, परंतु मराठीत “काय हवंय, आजी?” असे विचारणे, हे या शहरात आपल्या मंडळावाचून कोण करणार?

शेवटची एक गोष्ट. या स्मरणिकेसाठी जुनी छायाचित्रे गोळा केली, तेव्हा आरंभीच्या वर्षांतील चेहरे कोणाला ओळखता येईनात. आम्ही ती छायाचित्रे सहज निवासात नेली. वातींचा हिशेब ठेवणाऱ्या त्याच आजोबांनी एकेका चेहऱ्यावर बोट ठेवून नावे सांगितली, आणि मागच्या रांगेतील एका तरुणाशी येऊन म्हणाले, “हा मी.” मंडळाच्या वहीत पाहिले, तर वर्गणी न आल्यामुळे त्यांचे नाव केव्हाच कमी केलेले होते. ज्यांनी या मंडळाच्या पहिल्या गणपतीचा मांडव बांधला, त्यांना आपण पाहुणे म्हणून केळी देऊन आलो होतो!

म्हणून सभेला आमच्या तीन विनंत्या आहेत. वृद्धनिवासात राहणाऱ्या मराठी ज्येष्ठांची नावे वर्गणीवाचून सभासदसूचीत कायम राहावीत. वाढदिवसाला एकदाच मोठी देणगी देण्याऐवजी प्रत्येक कुटुंबाने वर्षातून दोन शनिवार द्यावेत. सकाळी दहा ते अकरा हा एक तास पुरेसा आहे. आणि जाताना मुलांना न्यावे, त्यांच्याकडून गाणी म्हणवून घेण्यासाठी नव्हे, आजी-आजोबांकडून काही शिकून येण्यासाठी.

पुढचा शनिवार दुसरा आहे. यंदा वाती थोड्या अधिक लागणार आहेत. कापूस आम्ही आणला आहे. आपण यावे, एवढी विनंती करून आम्ही आपली रजा घेतो.