माउलीची माया

(मंडळाच्या वार्षिक स्नेहसंमेलनात केलेले भाषण)



ईश्वराच्या प्रेमाविषयी आमच्यासारख्या मॅट्रिक झालेल्या शाळामास्तराने काय बोलावे? परंतु ही अडचण संतांनी पूर्वीच दूर करून ठेविली आहे. पंढरीच्या विठ्ठलास त्यांनी राजा म्हणून दूर बसविले नाही. त्यास विठाई माउली म्हटले.

आईच का? धनी काम पाहून देतो, आई भूक पाहून देते. शाळेत आम्ही पुष्कळदा पाहिले आहे. नापास झालेले पोर बापासमोर जावयास भिते, ते आईच्या पदराआड शिरते. आईने मारले तरी रडत रडत तिलाच बिलगते. संतांचा देवाशी असाच व्यवहार होता. ते त्याच्यावर रुसले, त्याच्याशी भांडले, परंतु त्याचे दार सोडून गेले नाहीत.

येथे एक कठीण प्रश्न उभा राहतो. आईची माया केवढीही थोर असो, तिचा देह नाशवंत आहे. आमच्या वर्गात बहुतेक दरवर्षी एखादे आईवेगळे लेकरू असे. देव जर आई, तर त्याने या लेकराची आई का नेली? तर्काने याचे उत्तर आम्हांस देता येत नाही. संतांच्या चरित्रांत मात्र थोडा आधार सापडतो. ज्ञानेश्वरादी चार भावंडे लहानपणीच मातापित्यांस अंतरली, समाजानेही त्यांस दूर लोटले, असे परंपरा सांगते. त्याच ज्ञानेश्वरांनी १२९० साली गीतेचा अर्थ मराठीत सर्वांस खुला केला, आणि आज लाखो वारकरी त्यांनाच माउली म्हणतात. जनाबाई नामदेवांच्या घरी दासी होती; विठ्ठल तिला दळू लागे, अशी भाविकांची श्रद्धा आहे. आई जाते, परंतु माया दुसऱ्या हातांनी येते.

ते हात आपलेच असावे लागतात. पंढरीस चोखोबांची समाधी महाद्वारासमोर, मंदिराबाहेर आहे. माउलीचे घर कित्येक लेकरांस शतकानुशतके बंद होते. ते दार माउलीने लाविले नव्हते. भावंडांनी लाविले होते. १९४७ च्या मे महिन्यात साने गुरुजींनी पंढरपुरास उपोषण केले, तेव्हा ते उघडण्याचा मार्ग मोकळा झाला. ‘श्यामची आई’ लिहिणारे तेच गुरुजी. ज्यांस आई कळली, त्यांसच दाराबाहेरची भावंडे दिसली.

आज आपण गुणवंत मुलांस पारितोषिके दिली, हे योग्यच झाले. तथापि आईची दृष्टी प्रथम अशक्त लेकराकडे वळते. म्हणून एकच विनंती. पुढील वर्षी मदतीची यादी कराल, तेव्हा आईवेगळ्या मुलाचे नाव प्रथम लिहा. आणि ते आपल्या ज्ञातीचे नसले, तरी खोडू नका.