ओट्याखालचे मशीन

(रौप्यमहोत्सवी स्नेहसंमेलनात ‘ज्येष्ठांचे मनोगत’ या कार्यक्रमात केलेले भाषण)



पनवेलला नगरपालिका होती तेव्हा आपण इथे राहायला आलो. 2016 साली महानगरपालिका झाली, आता सोसायटीला पंचवीस वर्षे झाली. पण त्यावर इतर वक्ते बोलतीलच. मी आमच्या वॉशिंग मशीनबद्दल बोलणार आहे. हसू नका, पुढे हिशोबाचा मामला आहे.

बाथरूममध्ये जागा नव्हती म्हणून फ्रंट लोडिंग मशीन आम्ही स्वयंपाकघरात ओट्याखाली बसवले. सुताराने ट्रॉल्यांबरोबर तेही पट्ट्या मारून पॅक केले. नंतर जुन्या लादीवरच नवीन टाइल्स लावल्या. मशीन जागेवरच होते, त्यामुळे समोरची जमीन इंचभर वर आली आणि मशीन खड्ड्यात राहिले! हे तेव्हा कोणाच्या डोक्यात आले नाही, माझ्याही नाही.

यंदा मशीन बंद पडले. मेकॅनिक म्हणाला, पार्ट मिळत नाहीत, काढून टाका. प्लग काढला, कॉक बंद केला, खालचा फिल्टर उघडून परातीत पाणी काढले. पण मशीन उचलावे तर वर ग्रॅनाइट, ओढावे तर पुढे टाइल. पाय पूर्ण आत फिरवले तरी जमेना. त्यात वजन सत्तर किलोच्या आसपास. कपडे पिळताना मशीन नाचू नये म्हणून आत काँक्रीटचे ठोकळे असतात, हे मला त्या दिवशी कळले. शेवटी समोरच्या टाइल्सची एक ओळ फोडली आणि चौघांनी मिळून ते बाहेर काढले.

मागे बघतो तर भिंत काळी पडलेली. सांडपाण्याचा पाइप उंदराने कुरतडलेला, पाणी थेट स्लॅबमध्ये.

आता हिशोब. खालच्या वहिनींच्या छताला तीन वर्षे ओल होती. आदर्श उपविधींप्रमाणे बाहेरच्या सामायिक पाइपची गळती सोसायटीच्या खर्चाने, घरातली गळती सभासदाच्या खर्चाने. मी तेव्हा खजिनदार. गळती बाहेरच्या पाइपची आहे, असे मीच ठासून सांगितले. अठरा हजार रुपये खर्चून तो पाइप बदलला, व्हाउचरवर सही माझी. ओल काही गेली नाही. बँकेत एक रुपयाचा फरक आला तर मी रात्री नऊपर्यंत बसायचो, पण स्वतःचे मशीन काही ओढून बघितले नाही.

त्याच संध्याकाळी खाली गेलो. वहिनी म्हणाल्या, “भाऊजी, मला माहीत होतं. तुमच्या मशीनचं पाणी सुटलं की आमच्याकडे थेंब पडायचे. पण तेव्हा ताई आजारी होत्या. त्यात आणखी कुठे तुम्हाला बोलायचं?”

मला काही उत्तर देता आले नाही. आमची ही आता नाही, पण ते मशीन तिनेच पसंत केले होते.

भंगारवाला मशीन तिथेच तोडायला तयार होता. पण वॉशिंग मशीनही ई-कचऱ्यात मोडते, म्हणून ते अधिकृत संकलन केंद्रात दिले. वहिनींच्या छताचे प्लास्टर आणि रंग मी करून दिला. कमिटीतल्या काहींनी “जाऊ द्या काका, जुनी गोष्ट” असे म्हटले. तरी अठरा हजारांचा चेक काल दुरुस्ती निधीत भरला आहे, पावती नवीन खजिनदारांकडे आहे. ज्यांच्या ओट्याखाली मशीन आहे त्यांनी मागचा पाइप एकदा बघून घ्या, टॉर्च माझ्याकडे आहे.