शिक्षण विनाशुल्क, निवारा बाजारभावाने
(विद्यार्थी कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गातील भाषण)



२०२२-२३ च्या हिवाळी सत्रापासून जर्मनीतील परदेशी विद्यार्थ्यांत भारतीयांचा गट सर्वांत मोठा झाला आहे. बहुतेक राज्यांतील सरकारी विद्यापीठे शिक्षणशुल्क घेत नाहीत, हे आता पुण्या-मुंबईच्या मध्यमवर्गात घरोघरी ठाऊक आहे. खोलीभाड्याचा हिशेब मात्र पालक फार उशिरा मांडतात.

व्हिसासाठी सप्टेंबर २०२४ पासून वर्षाचे ११,९०४ युरो बँकेत अडकवून दाखवावे लागतात; त्यातून दरमहा ९९२ युरो हाती येतात. जर्मन विद्यार्थ्याला मिळणाऱ्या सरकारी साहाय्याची २०२४ मधील कमाल रक्कमही नेमकी हीच, आणि तीत घरभाड्यापोटी धरले होते अवघे ३८० युरो. म्युनिचमध्ये एवढ्यात खाजगी खोली मिळणे जवळजवळ अशक्य. शासनाने गृहीत धरलेले भाडे घरमालकाने मान्य करावे, असे बंधन कोठे आहे?

या बाजाराला जो पर्याय आहे, त्याचा इतिहास समाजवादी कार्यकर्त्यांनी मुद्दाम पाहावा. पहिल्या महायुद्धानंतरच्या हलाखीत विद्यार्थ्यांच्या स्वावलंबनातून खानावळी निघाल्या आणि १९२१ साली त्यांची मध्यवर्ती संघटना झाली. नाझी राजवटीने ती ताब्यात घेतली. युद्धानंतर ती पुन्हा उभी राहिली. आज 'श्टुडिरेंडनवेर्क' नावाच्या ५७ सार्वजनिक संस्था ना-नफा तत्त्वावर वसतिगृहे व भोजनगृहे चालवितात. १९७२ च्या म्युनिच ऑलिंपिकमध्ये स्त्री-खेळाडूंसाठी वसविलेला भाग पुढे विद्यार्थ्यांकडे आला. तेथील चिमुकल्या बंगल्यांच्या भिंती विद्यार्थी स्वतः रंगवितात. परंतु सुमारे २९ लाख विद्यार्थ्यांमागे या संस्थांच्या जागा आहेत जेमतेम दोन लाख. विद्यार्थिसंख्या वाढविताना खोल्या वाढविल्या नाहीत, एवढाच त्याचा अर्थ.

उरलेल्यांपैकी बरेच जण तीन-चार मिळून घर घेतात. स्वयंपाकघर सामाईक, सफाईच्या पाळ्या ठरलेल्या. (आपल्या मेस-समित्यांतील भांडणे तेथेही होतातच.) नवा सोबती जुने रहिवासी मुलाखत घेऊन निवडतात, हजारो मैलांवरून दूरध्वनीवर बोलणारा तेथे मागे पडतो. घर पाहण्याआधीच अनामत मागणारे भामटे नेमके त्यालाच गाठतात. शिवाय राहावयास गेल्यापासून दोन आठवड्यांत पत्त्याची सरकारी नोंद करावी लागते आणि तिला घर देणाऱ्याचा लेखी दाखला लागतो. पाहुणा म्हणून कोणाकडे पडून राहणाऱ्याला तो सहजी मिळत नाही.

२०१५ च्या भाडेनियंत्रण कायद्याने टंचाईच्या शहरांत नवे भाडे स्थानिक पातळीच्या दहा टक्क्यांहून वर जाऊ नये, असे ठरविले. मात्र तात्पुरत्या वापराच्या जागा त्यातून वगळल्या आणि विद्यार्थी वसतिगृहेही, मग ती खाजगी भांडवलाची का असेनात. वर्षभरासाठी आलेल्याच्या वाट्याला बहुधा याच जागा येतात.

त्याला खरा आधार जर्मन विद्यार्थ्यांच्याच परदेशगमनाचा. त्यांच्या रिकाम्या खोल्या, मालकाच्या संमतीने, तेवढ्या मुदतीपुरत्या पोटभाड्याने मिळतात. हिवाळी सत्र ऑक्टोबरात सुरू होते. प्रवेशपत्र हाती पडेल त्याच दिवशी वसतिगृहाचा अर्ज आणि या खोल्यांचा शोध, दोन्ही सुरू करावयास हवेत.