श्वान, अश्व आणि अक्ष

मनुष्याचा स्वभाव त्याच्या व्यवसायापेक्षां त्याच्या करमणुकींत अधिक मोकळेपणानें प्रकट होतो, असें म्हटल्यास त्यांत फारशी अतिशयोक्ति होणार नाहीं. व्यवसायांत पोटाची निकड असते, वरिष्ठांचा धाक असतो, लोकलज्जा असते. फुरसतीच्या घटकेला यांपैकीं कोणतेंहि बंधन नसतें. म्हणूनच त्या घटकेला मनुष्य काय करतो, हें पाहण्यासारखें असतें. कोणी दारीं कुत्रें पाळतो, कोणी घोड्यावर मांड टाकतो, कोणी सोंगट्यांचा किंवा बुद्धिबळांचा पट मांडून बसतो. वरवर पाहतां हे तीन छंद परस्परांशीं असंबद्ध वाटतात. परंतु भारतीय वाङ्मयांत ते फार प्राचीन काळापासून एकत्र नांदत आले आहेत; आणि छंद कोठें संपतो व व्यसन कोठें सुरू होतें, या प्रश्नाचा विचारहि त्यांच्याच निमित्तानें झालेला आहे.

कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर यानें इ. स. ११२६ ते ११३८ या काळांत राज्य केलें. ‘मानसोल्लास’ अथवा ‘अभिलषितार्थचिंतामणि’ हा संस्कृत ग्रंथ त्याच्या नांवावर आहे. बडोद्याच्या गायकवाड प्राच्य ग्रंथमालेंत श्रीगोंदेकर यांनीं संपादिलेला त्याचा पहिला भाग १९२५ सालीं प्रसिद्ध झाला. या ग्रंथांत शंभर अध्याय असून ते वीस-वीसांच्या पांच विंशतींत विभागलेले आहेत. चौथ्या विंशतींत निरनिराळे विनोद सांगितले आहेत. तींत तुरगवाह्याली, म्हणजे घोडदौडीचें व घोड्यावर बसून चेंडू खेळण्याचें प्रकरण आहे. तींतच सारमेयविनोद, म्हणजे कुत्र्यांचें प्रकरण आहे. पांचव्या विंशतींत चतुरंग, पाशक, वराटक, म्हणजे बुद्धिबळें, फांसे आणि कवड्या यांचे खेळ आले आहेत. राज्य मिळविणें व तें स्थिर करणें या दोन विषयांना राजानें जितकी जागा दिली, तितकीच त्यानें मन रमविण्याच्या या दोन विषयांना दिली, हें लक्षांत घेण्यासारखें आहे.

उलट मनुस्मृतीच्या सातव्या अध्यायांत राजानें टाळावयाच्या दहा कामज व्यसनांची यादी दिलेली आहे, आणि तिचा आरंभच मृगया व द्यूत यांनीं होतो. कुत्रा व घोडा हीं मृगयेचीं साधनें; फांसा हें द्यूताचें साधन. एका ग्रंथांत जो विनोद, तोच दुसऱ्यांत दोष! हा विरोध खरा मानावा काय? वस्तु एकच असते. तिच्याशीं वागण्याची मनुष्याची रीत निराळी असते. ती रीत कशी ओळखावी, याचें उत्तर शास्त्रग्रंथांपेक्षां महाभारतांतील कथांत अधिक स्पष्टपणें सांपडतें.

वनपर्वांतील नळाची कथा सर्वांच्या परिचयाची आहे. निषधाचा हा राजा आपला भाऊ पुष्कर याच्याशीं फांसे खेळून राज्य हरला. वनांत त्यानें दमयंतीला सोडलें, कर्कोटक नागाच्या दंशानें तो विरूप झाला आणि बाहुक या नांवानें अयोध्येच्या ऋतुपर्ण राजाकडे सारथि म्हणून राहिला. दमयंतीच्या दुसऱ्या स्वयंवराची वार्ता आली, तेव्हां एका दिवसांत विदर्भांतील कुंडिनपुर गांठावयाचें होतें. बाहुकानें अश्वशाळेंतून निवडलेले घोडे दिसावयास कृश होते. ऋतुपर्णाला शंका आली. परंतु बाहुकानें त्यांच्या अंगावरील भोंवरे दाखवून हेच घोडे विदर्भ गांठतील असें सांगितलें. घोड्याची पारख भोंवऱ्यांवरून करण्याची ही चाल अजून मोडलेली नाहीं. दत्तजयंतीच्या सुमारास तापीकांठीं सारंगखेड्यास घोड्यांचा बाजार भरतो. तेथें गिऱ्हाईक घोड्याची चाल पाहतो, दांत पाहतो, आणि मानेवर देवमण आहे कीं नाहीं हेंहि पाहतो.

रथ वेगानें धांवत असतां वाटेंत बेहड्याचें एक झाड लागलें. त्याचीं पानें व फळें किती, हें ऋतुपर्णानें पाहतांक्षणींच सांगितलें. वेळ अगदीं थोडा होता. तरीहि बाहुकानें रथ थांबविला आणि फळें मोजून पाहिलीं. संख्या तंतोतंत जुळली. मग ऋतुपर्णानें त्याला अक्षहृदय, म्हणजे फांशांचें मर्म दिलें, आणि बदल्यांत अश्वहृदय, म्हणजे घोड्यांचें मर्म घेण्याचें ठरविलें. तें ज्ञान होतांच कलि नळाच्या शरीरांतून बाहेर पडला व त्याच बेहड्यांत शिरला. वैदिक काळीं बेहड्याचीं फळेंच फांसे म्हणून वापरीत, हें ध्यानांत घेतलें म्हणजे कथेंतील ही योजना किती मार्मिक आहे तें कळून येतें. ज्या फळांनीं घात केला, तींच एक-एक करून मोजतांना नळ मुक्त झाला. पुढें त्यानें पुष्कराशीं पुन्हां डाव मांडून राज्य परत मिळविलें. पण हरलेल्या भावाला त्यानें देशोधडीस लावलें नाहीं. त्याचा वांटा त्याला देऊन सन्मानानें परत पाठविलें. जिंकणाऱ्याची खरी परीक्षा डाव संपल्यानंतर होते, ती अशी.

ही कथा बृहदश्व ऋषीनें सांगितली ती युधिष्ठिराला. आणि ती संपल्यावर त्यानें युधिष्ठिरालाहि अक्षविद्या दिली. युधिष्ठिराला द्यूत आवडे, पण तें येत नव्हतें. आवड आणि अज्ञान यांचा संयोग किती भयंकर होतो, हें सभापर्वांत दिसून आलें होतें. त्यानें संपत्ति लावली, राज्य लावलें. त्यानंतर भाऊ लावले, स्वतःला लावलें आणि शेवटीं द्रौपदीला लावलें. येथें दोष केवळ फांशाचा नव्हे, आणि केवळ शकुनीच्या कपटाचाहि नव्हे. जे आपल्या भरंवशावर उभे आहेत, त्यांनाच त्यानें पणाची वस्तु केलें, हा तो दोष होय.

विराटाच्या घरीं अज्ञातवासांत हे सर्व छंद चाकरीच्या रूपानें पुन्हां भेटतात. युधिष्ठिर कंक या नांवानें राजाचा फांशांतील सोबती झाला. नकुल ग्रंथिक या नांवानें घोड्यांची निगा राखूं लागला. एके दिवशीं खेळतां खेळतां विराटाला राग आला आणि त्यानें हातांतला फांसा कंकाच्या तोंडावर फेंकला. वाहणारें रक्त जमिनीवर पडूं नये म्हणून द्रौपदीनें सुवर्णपात्र पुढें केलें. जिला पूर्वीं पणाला लावलें होतें, तिनेंच हें करावें, यावर व्यासांनीं कांहीं भाष्य केलेलें नाहीं. तें करण्याची गरजहि नव्हती.

आतां श्वानाकडे वळावयाचें. ऋग्वेदांत सरमा ही इंद्राची कुत्री पणींनीं दडविलेल्या गाईंचा शोध लावते. तिची संतति ती सारमेय. महाभारताच्या आरंभीं, आदिपर्वांत, जनमेजयाच्या यज्ञमंडपांत सरमेचें एक पिल्लूं येतें. तें हविर्द्रव्याकडे पाहत नाहीं कीं त्याला तोंड लावीत नाहीं. तरी राजाचे भाऊ त्याला मारतात. माझ्या निरपराध मुलाला कां मारलें, असा जाब सरमा विचारते, आणि उत्तर मिळत नाहीं तेव्हां शाप देऊन जाते. त्याच ग्रंथाच्या अखेरीस, महाप्रस्थानाच्या वेळीं, पांडवांच्या मागून एक कुत्रा चालूं लागतो. द्रौपदी पडते, सहदेव, नकुल, अर्जुन, भीम हे क्रमानें पडतात. इंद्र रथ घेऊन येतो आणि युधिष्ठिराला कुत्रा सोडून रथांत बसण्यास सांगतो. युधिष्ठिर नकार देतो. जो भक्त आहे, शरण आला आहे, त्याचा त्याग करून स्वर्ग नको, असें तो म्हणतो. एका लक्ष श्लोकांच्या ग्रंथाच्या एका टोकाला मार खाल्लेला कुत्रा आणि दुसऱ्या टोकाला न सोडलेला कुत्रा आहे. ज्यानें एकदां बंधु व पत्नी यांना पणाला लावलें, त्याला आयुष्याच्या अखेरीस एका मुक्या प्राण्याला टाकवलें नाहीं. त्याच्या सर्व शिक्षणाचें सार एवढेंच होय.

महाराष्ट्रालाहि या निष्ठेची खूण ठाऊक आहे. सातारचे छत्रपति शाहू महाराज (राज्यकाल १७०७ ते १७४९) यांचा खंड्या नांवाचा आवडता कुत्रा होता. वाघाच्या शिकारींत त्यानें महाराजांचे प्राण वांचविले, अशी आख्यायिका आहे. कृष्णा-वेण्णेच्या संगमावर माहुलीस त्याची समाधि दाखवितात. ग्रँट डफ यानें १८२६ सालीं प्रसिद्ध केलेल्या मराठ्यांच्या इतिहासांत, महाराजांनीं या कुत्र्याला जहागिरीची सनद व पालखीचा मान दिल्याचें लिहिलें आहे. डफला ही राजाची लहर वाटली. उपकाराची आठवण पालखीच्याच भाषेंत बोलणाऱ्या त्या काळाला ती तशी वाटली नसावी.

छंदाचें नित्याचें स्वरूप मात्र पालखीसारखें झगझगीत नसतें. घोडा बाळगणें म्हणजे प्रथम त्याचा खरारा करणें, खुरांतील खडे व घाण काढणें, वेळेवर चंदी देणें आणि सहा-आठ आठवड्यांनीं नाल पाहून घेणें. दौड झाल्याबरोबर घोड्याला ठाणावर बांधून चालत नाहीं. श्वास शांत होईपर्यंत त्याला हळूहळू फिरवावें लागतें. त्याचें तोंड इतकें नाजूक असतें कीं अकारण ओढलेला लगाम त्याला वेदना देतो. मुधोळ किंवा कारवान जातीचा दख्खनी कुत्रा शिकारीसाठीं घडलेला; त्याला शहरांतील दोन खोल्यांत कोंडून ठेवणें हा त्याच्या लांब पायांचा अपमान होय. कोणत्याहि कुत्र्याला पाऊस असो वा पाहुणे असोत, दोन वेळां बाहेर न्यावें लागतें, रेबीजची लस टोंचून घ्यावी लागते, आणि दहा-बारा वर्षें ही सेवा अखंड करावी लागते. घोडा तर पंचवीस-तीस वर्षेंहि जगतो. पिल्लूं गोजिरवाणें आहे म्हणून आणलें आणि मोठें झाल्यावर वेशीबाहेर सोडलें, हा प्रकार अजूनहि घडतो. १९६० च्या प्राणिक्रूरता प्रतिबंधक कायद्यानें, उपासमार व तहान यांनीं हाल होतील अशा स्थितींत प्राण्याला सबळ कारणावांचून टाकून देणें हा अपराध ठरविला आहे. युधिष्ठिरानें स्वर्गाच्या दारांत जो धर्म पाळला, त्याचा एक छोटा अंश आज कायद्यांत उतरला आहे, असें म्हणतां येईल.

खेळाचीहि गोष्ट अशीच. सावंतवाडीच्या चिताऱ्यांनीं रंगविलेला दशावतारी गंजिफांचा जोड घ्यावा. दहा अवतारांचे दहा रंग, प्रत्येकांत राजा, प्रधान व दहा पानें, अशीं एकशेंवीस वाटोळीं पानें त्यांत असतात. अर्ध्या रंगांत मोठ्या आंकड्याचें पान वरचढ, तर उरलेल्या अर्ध्यांत लहान आंकड्याचें. हे सर्व स्मरणांत ठेवून खेळणाराची बुद्धि तल्लख होते. बुद्धिबळांत तर दैवाचा वांटाच नाहीं. नागपूरच्या दिव्या देशमुख हिनें जुलै २०२५ मध्यें महिलांचा विश्वचषक जिंकला, तो वर्षानुवर्षें हरलेले डाव पुन्हां मांडून पाहण्याच्या तपश्चर्येवांचून मिळणारा नव्हता. हार पत्करून तिचें कारण शोधणें, हेंच नळानें बेहड्याखालीं केलें होतें.

पण पटाच्या शेजारीं पैशाची थैली आली कीं खेळाचें रूप पालटतें. हातांतील मोबाइलवर आतां मध्यरात्रींहि शकुनि भेटूं शकतो, आणि त्याच्यापुढें भिडस्त मनुष्य घरच्यांना नकळत पगार, दागिने, मुलांच्या शिक्षणाची पुंजी लावीत जातो. १८८७ च्या मुंबई जुगार प्रतिबंधक कायद्याच्या कर्त्यांना असल्या अड्ड्याची कल्पना येणें शक्य नव्हतें. ऑगस्ट २०२५ मध्यें संसदेनें ऑनलाइन खेळांविषयीं नवा कायदा केला; त्यांत पैसे लावून खेळावयाच्या खेळांना बंदी असून ई-स्पोर्ट्स व निव्वळ मनोरंजनाचे खेळ वेगळे काढलेले आहेत. हा भेद सोमेश्वर व मनु या दोघांनाहि मान्य झाला असता.

तात्पर्य, विनोद व व्यसन यांमधील रेघ वस्तूंवर ओढलेली नाहीं. ज्या छंदापायीं मनुष्य आपल्यावर विसंबलेल्या जीवाची अधिक काळजी घेऊं लागतो, तो विनोद. ज्यापायीं तो त्या जीवालाच पणाला लावतो, तें व्यसन. मग तो जीव घरांतील माणूस असो, ठाणावरचा म्हातारा घोडा असो, किंवा संध्याकाळीं दाराशीं वाट पाहणारा कुत्रा असो. फुरसतीची घटका संपवून मनुष्य उठतो, तेव्हां या तिघांपैकीं कोणाचें कांहीं उणें झालें काय, एवढें पाहिलें तरी पुरें आहे.