भाता कोणी ओढायचा?



लोहाराच्या भट्टीत नुसता कोळसा वाढवला म्हणून लोखंड लवकर लाल होत नाही. भाता ओढला तरच कोळसा फुलतो. मोटारीच्या इंजिनाचेही असेच आहे. इंधन जाळायचे तर हवा पाहिजे, आणि ती थोडीथोडकी नव्हे. एक किलो पेट्रोल नीट जळायला सुमारे पावणेपंधरा किलो हवा लागते. हाच हिशेब लिटरने मांडला, तर एका लिटर पेट्रोलमागे जवळजवळ नऊ हजार लिटर हवा लागते. दोन मीटर लांब, दोन मीटर रुंद आणि सव्वादोन मीटर उंच अशी खोलीभर हवा म्हणा ना!

ही हवा साधे इंजिन स्वतःच ओढून घेते. दट्ट्या, म्हणजे पिस्टन, खाली सरकला की सिलिंडरात पोकळी होते आणि बाहेरची हवा आत शिरते. एक लिटर क्षमतेचे इंजिन मिनिटाला तीन हजार फेरे करीत असले, तर ते जास्तीत जास्त दीड हजार लिटर हवा आत घेईल. याहून अधिक शक्ती हवी असेल, तर दोनच मार्ग उरतात. एक तर इंजिनच मोठे घ्यायचे, नाही तर लहान इंजिनात हवा दाबून भरायची. हवा दाबून भरणारा हा जो भाता, त्याचेच दोन प्रकार म्हणजे सुपरचार्जर आणि टर्बोचार्जर. काम दोघांचे एकच. फरक आहे तो भाता कोण ओढतो यात, आणि कोणता घ्यावा याचे उत्तरही त्या फरकातच आहे.

पहिल्याने सुपरचार्जर पाहू. हा इंजिनाच्याच दांड्यावरून पट्ट्याने किंवा दातेरी चक्रांनी फिरतो. इंजिन फिरले की हाही फिरला. याचा एक जुना प्रकार अमेरिकेतील रूट्स बंधूंच्या नावाने ओळखला जातो. त्यांच्या पंख्याला १८६० साली पेटंट मिळाले. पुढे तसे पंखे लोखंड गाळण्याच्या भट्ट्यांत हवा सोडण्यासाठी वापरात आले. पाहा, भात्याची उपमा मी ओढूनताणून आणलेली नाही! मोटारीवर हे यंत्र बसवून ग्राहकांसमोर आणले ते जर्मनीच्या मर्सिडीज कारखान्याने, १९२१ साली.

सुपरचार्जरचा मोठा गुण तत्परता. पाय दाबला की त्याच क्षणी जोर मिळतो. पण मोट ओढणारा बैल त्याच मळ्यातला कडबा खातो, हे शेतकऱ्याला सांगायला नको. पाणी मिळते खरे, पण पिकातला एक वाटा बैलाच्या दावणीला जातो. सुपरचार्जरही फिरण्यासाठी इंजिनाचीच शक्ती खातो. पूर्ण दाबावर हा वाटा दहातला एक किंवा त्याहूनही अधिक भरू शकतो. दिलेल्यापेक्षा मिळते जास्त, म्हणून व्यवहार आतबट्ट्याचा नाही. परंतु इंधनाच्या खर्चात तो दिसल्याशिवाय राहत नाही.

आता टर्बोचार्जर. इंधनात जी उष्णता असते, तिच्यापैकी ढोबळमानाने तिसरा हिस्साच चाकांच्या कामी येतो. तितकीच उष्णता इंजिन थंड ठेवण्यात जाते आणि तितकीच धुराबरोबर बाहेर पडते. ह्या वाया जाणाऱ्या धुराला कामाला लावावे, असा विचार स्वित्झर्लंडचे अभियंते आल्फ्रेड ब्यूखी यांनी केला आणि १९०५ साली त्याचे पेटंट घेतले. बांधावरून वाहून जाणाऱ्या पाण्यावर चक्की बसवावी, तसाच हा प्रकार. धुराच्या झोताने एक चाक फिरते. त्याच दांड्याच्या दुसऱ्या टोकाला दुसरे चाक असते, ते ताजी हवा दाबून इंजिनात ढकलते. ही चाके मुठीत मावतील एवढी असतात, पण मिनिटाला लाख-दीड लाख फेरे घेतात. धुराच्या वाटेत चाक आडवे आल्याने थोडा अडथळा होतो, तेव्हा हेही अगदी फुकट नाही. पण सुपरचार्जरपेक्षा पुष्कळच स्वस्त पडते.

मग सगळ्यांनी टर्बोच का घेऊ नये? त्यालाही एक खोड आहे. गाडी सावकाश चालली असताना धूर थोडा असतो, चाक मंद फिरत असते. अशा वेळी अचानक पाय दाबला, तर आधी धूर वाढायचा, मग चाक वेग घ्यायचे, मग हवा दाबली जायची. तेवढा वेळ गाडी विचार करीत असल्यासारखी वाटते. आजच्या लहान, हलक्या चाकांच्या टर्बोत ही ढिलाई फार कमी झाली आहे. पण दुपदरी रस्त्यावर समोरून ट्रक येत असताना दुसऱ्या गाडीला ओलांडणाऱ्याने तो अर्धा-एक क्षण लक्षात ठेवलाच पाहिजे. सुपरचार्जर दाम घेतो शक्तीत, टर्बो घेतो वेळात. दोघांतला खरा सौदा हा आहे.

उंचीवर मात्र टर्बोचे पारडे जड होते. जसजसे वर जावे तसतशी हवा विरळ होते. महाबळेश्वर सुमारे साडेतेराशे मीटर उंचीवर आहे. तिथली हवा समुत्रकाठच्या हवेपेक्षा साधारण आठव्या हिश्श्याने विरळ, आणि लेहला तर जवळजवळ तीस टक्क्यांनी. साध्या इंजिनाची शक्तीही त्याच बेताने उतरते. १९१८ साली अमेरिकेत डॉ. सॅनफर्ड मॉस यांनी विमानाचे एक लिबर्टी इंजिन पाइक्स पीक नावाच्या डोंगराच्या माथ्यावर, सुमारे ४३०० मीटर उंचीवर नेऊन तपासले. खाली साडेतीनशे अश्वशक्ती देणारे ते इंजिन वर साधारण दोनशे तीसवर आले होते. टर्बो जोडताच ते पुन्हा साडेतीनशेच्या घरात गेले. बाहेर हवा विरळ झाली की टर्बोचे चाक अधिक वेगाने फिरून कमतरता बऱ्याच अंशी भरून काढू शकते. सुपरचार्जर इंजिनाच्या फेऱ्यांशी बांधलेला असल्यामुळे त्याला ही मोकळीक नसते.

आणखी एक गोष्ट दोघांनाही लागू आहे. सायकलीत हवा भरताना पंप तळाशी गरम होतो, हे आपण हाताने अनुभवले असेल. हवा दाबली की तापते, आणि तापली की पसरते. तीस अंशांची हवा दीडपट दाबली, तर ती ऐंशी अंशांच्या आसपास जाते. मग हवा दीडपट न मावता सव्वापटच मावते. म्हणून वाटेत इंटरकूलर नावाची जाळी बसवून ती थंड करतात. तशी थंड केली नाही, तर पेट्रोल इंजिनात इंधन वेळेआधीच पेट घेते, इंजिन ठोके देऊ लागते आणि पिस्टनला इजा पोचते.

इथे मला माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याची गोष्ट सांगावीशी वाटते. तालुक्याच्या गावी त्याची एक जुनी पेट्रोल गाडी आहे. ती भाड्याने चालते आणि तिच्यावर पाच माणसांचे घर चालते. घाटात गाडीला दम लागतो म्हणून तो विचारायला आला. म्हणाला, "सर, एक मिस्त्री दोन्ही बसवून देतो म्हणतोय. सुपर घालू का टर्बो?" मी त्याला म्हटले, "अरे, आधी इंजिनाला विचार." साध्या इंजिनाचे पिस्टन, त्याचे गॅस्केट, थंड ठेवण्याची सोय, इंधन सोडण्याचे प्रमाण, हे सगळे साध्या हवेच्या हिशेबाने केलेले असते. त्यात बाहेरून हवा कोंबली, तर चार दिवस गाडी पळेल आणि पाचव्या दिवशी, कदाचित प्रवासी बसलेले असताना घाटातच, बंद पडेल. शिवाय कायदाही आहे. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे कारखान्याने दिलेल्या मूळ नोंदीपासून वेगळा बदल गाडीत करता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयानेही २०१९ साली हे स्पष्ट केले आहे. अपघात झाल्यावर विम्याचा प्रश्न उभा राहतो तो निराळाच. त्याने मग हवेची गाळणी, स्पार्क प्लग आणि क्लच तपासून घेतले. क्लच झिजलेला निघाला. घाटातला अर्धा दम तिथेच होता.

तेव्हा निवड करायची ती नवी गाडी घेताना, कारखान्यातूनच तशी बनून आलेली. तिथे ताळा असा मांडावा. डिझेल गाडी असेल, तर टर्बोच. डिझेल इंजिनात आत घेतली जाते ती नुसती हवा, इंधन नंतर सोडतात. त्यामुळे वेळेआधी पेटण्याचे ते भय तिथे नाही. आजच्या डिझेल मोटारींत आणि ट्रकांत टर्बो असतोच, पुष्कळ ट्रॅक्टरांतही असतो. पेट्रोल गाडीने लांबचा प्रवास, घाट, भरलेली गाडी असे काम असेल आणि इंधनाचा खर्च मोजावा लागत असेल, तरी टर्बोच बरा. पाय दाबताक्षणी जोर हवा आणि पेट्रोलच्या बिलाची फिकीर नाही, अशांनी सुपरचार्जरकडे पाहावे. पण आपल्या बाजारात तशा गाड्या क्वचित, आणि त्या महागड्या. रोजचे जाणे गावातल्या गावात, तेही सावकाश असेल, तर दोन्हींवाचून अडत नाही. साधे इंजिन घ्यावे आणि पैसे राखावेत.

आपल्याकडे लहान टर्बो पेट्रोल गाड्या वाढल्या त्यामागे कराचाही भाग आहे. चार मीटरपेक्षा लांब नसलेल्या आणि बाराशे घन सेंटिमीटरपर्यंतच्या पेट्रोल इंजिनाच्या गाड्यांना २००६ पासून कमी कराची सवलत मिळत गेली. इंजिन लहान ठेवून जोर मोठा द्यायचा, तर टर्बो हा सरळ उपाय. दोन्ही भाते एकाच इंजिनावर बसवण्याचा प्रयोगही झाला आहे. लान्चियाने १९८५ साली शर्यतीच्या गाडीत आणि फोक्सवॅगनने २००५ साली रोजच्या वापराच्या गाडीत तो केला. सुरुवातीला सुपरचार्जर जोर देई, वेग आल्यावर टर्बो कामाला लागे. गुण दोघांचे मिळाले, पण गुंतागुंत आणि खर्चही दोघांचा आला.

ज्यांच्या घरी टर्बोची गाडी आहे, त्यांनी तीन नियम पाळावेत. टर्बोचा दांडा तेलाच्या पातळ थरावर फिरतो, म्हणून कारखान्याने सांगितलेलेच तेल घालावे आणि ते मुदतीत बदलावे. गाडी सुरू केल्याबरोबर जोरात पाय दाबू नये. तेल पोचायला थोडा अवधी द्यावा. आणि लांब चढ चढून आल्यावर इंजिन एकदम बंद न करता मिनिटभर मंद चालू ठेवावे, म्हणजे तापलेल्या दांड्याजवळ तेल करपत नाही. धुळीच्या रस्त्यावर हवेच्या गाळणीकडेही वेळच्या वेळी पाहावे. लाखभर फेरे घेणाऱ्या चाकाला खड्याचा कणसुद्धा पुरे होतो.

शिक्षक बंधुभगिनींना एक सुचवावेसे वाटते. वर्गात सायकलीचा पंप न्या, त्याचे तोंड बोटाने दाबून धरा आणि मुलांना हवा दाबायला सांगा. पंप तापलेला त्यांना हाताला कळेल. मग पेटत्या पणतीच्या वर, पेट घेणार नाही एवढ्या उंचीवर, कागदाची भिंगरी आडवी धरा. वर जाणाऱ्या गरम हवेने ती फिरू लागेल. ह्या दोन प्रयोगांत टर्बोचार्जरचे जवळजवळ सगळे मर्म आले. बाकीचे गणित मुले मोठी झाली की आपणच शिकतील.